डिले घेऊ की रिव्हर्ब? आधी हॉलमध्ये एक टाळी वाजव

गणपतीला महिना असताना खानापूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, पैसे जमलेत. एकच पेडल बसतंय त्यात. डिले घेऊ की रिव्हर्ब, सांगा की." पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मधे जोडायची, पायानं चालू-बंद करायची, आवाज बदलणारी छोटी डबी. त्याच्याकडे एक इलेक्ट्रिक गिटार, छोटा ॲम्प आणि आवाज जाड, खरखरीत करणारं एक ओव्हरड्राइव्ह पेडल आहे. चार मित्रांचा ग्रुप आहे. लग्नाच्या रिसेप्शनला आणि गणपतीत वाजवतात. मराठी-हिंदी तर असतंच, पण दोन-तीन कन्नड गाणी झाल्याशिवाय आमच्याकडं कुणी स्टेजवरून उतरू देत नाही.

मी त्याला उलट विचारलं, "तू वाजवतोस कुठं?"

"कुठं म्हणजे?"

त्या एका शब्दावर आम्ही पुढचा तासभर बोललो. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागातली बरीच मुलं मला हाच प्रश्न विचारतात. त्यांनी पाहिलेले व्हिडिओ बहुतेक परदेशातल्या गालिचा घातलेल्या खोलीत नाही तर स्टुडिओत बसून केलेले असतात. आपण वाजवतो त्या जागा निराळ्या आहेत, आणि या निवडीत सगळ्यात मोठा वाटा जागेचाच असतो. म्हणून पेडलच्या बटणांकडे जाण्याआधी आवाजाचं मूळ बघू.

लहानपणी विहिरीच्या काठावरून वाकून हाक मारली असेल. पाणी दहा मीटर खाली असेल तर हाक खाली जाऊन वर यायला वीस मीटर प्रवास करते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे हा प्रवास ५८ मिलिसेकंदांत होतो. शिवाय चारी बाजूंच्या दगडी भिंतींवर आपटून आलेले तुकडे त्यात मिसळतात. त्यामुळे विहीर तुमचा शब्द सुटा परत देत नाही. तो फुगवून, जाड करून देते. शाळेच्या पुस्तकात याला निनाद म्हटलंय, बोलताना आपण "घुमतंय" म्हणतो. रिव्हर्ब पेडल हे घुमणं तयार करतं.

आता मोकळ्या माळावर, समोर मोठ्या इमारतीची किंवा कड्याची सपाट भिंत असेल तिथं टाळी वाजवा. भिंत १७ मीटरवर असेल तर आवाजाला जाऊन यायला ३४ मीटर, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग लागतो. इतकं अंतर पडलं की कानाला दुसरी टाळी वेगळी कळते. हा प्रतिध्वनी, आणि डिले पेडल हे काम करतं. तुम्ही वाजवलेला सूर साठवून ठेवायचा आणि ठरलेल्या वेळानं पुन्हा ऐकवायचा.

दोन्हींमधली सीमा आपल्या कानात आहे. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ मध्ये प्रयोग करून दाखवलं की मूळ आवाजानंतर साधारण तीसेक मिलिसेकंदांच्या आत आलेला परतीचा आवाज कान वेगळा धरतच नाही, मूळ आवाजातच जिरवून टाकतो. गिटारच्या टोकदार सुराला ही मर्यादा थोडी अलीकडे सरकते, लांबवलेल्या सुराला पलीकडे. पण तत्त्व तेच. म्हणजे एक-दोन सुट्या, मोजता येणाऱ्या परत्या ऐकू आल्या तर डिले. हजारो परत्या इतक्या दाट आल्या की एकही सुटी ओळखता येत नाही, तर रिव्हर्ब.

दोन्ही एका छताखाली ऐकायचं असेल तर विजापूरचा गोल घुमट आहेच. आमच्या जिल्ह्यातल्या शाळांची सहल तिकडं ठरलेली असते. मुहम्मद आदिलशहाची ही कबर, १६५६ च्या सुमारास बांधून पूर्ण झाली. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. वरच्या सज्ज्यात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तर पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्याला शब्द कळतात आणि एक टाळी पुन्हा पुन्हा ऐकू येते. पण सहलीची दोनशे मुलं एकदम ओरडतात तेव्हा त्या परत्या एकमेकींवर चढतात आणि फक्त गलका उरतो. तो गलका लक्षात ठेवा. लग्नाच्या हॉलमध्ये गिटारचं नेमकं तेच होतं.

आधी डिले घेऊ, कारण तो समजायला सोपा आहे. बहुतेक डिले पेडलवर तीन मुख्य बटणं असतात. टाइम म्हणजे परतीचा सूर किती वेळानं यायचा, फीडबॅक किंवा रिपीट म्हणजे किती वेळा यायचा, आणि मिक्स किंवा लेव्हल म्हणजे मूळ सुराच्या तुलनेत तो किती मोठा हवा. फीडबॅक फार पुढे नेला की प्रत्येक परती आधीच्यापेक्षा मोठी होत जाते आणि काही पेडल अक्षरशः किंचाळायला लागतात. स्टेजवर पाय चुकून त्या बटणाला लागू नये म्हणून मी तिथं रबराची चकती बसवली आहे.

तिन्ही बटणं सगळीकडे सारखी असली तरी आवाज सारखा येत नाही, आणि त्याचं कारण सूर साठवायच्या पद्धतीत आहे. सुरुवातीला साठवण टेपवर व्हायची. एक हेड आवाज टेपवर उमटवतं, पुढचं हेड तो वाचतं. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर सरकत असेल आणि दोन हेडमध्ये ५ सेंटिमीटर अंतर असेल, तर परती सुमारे २६३ मिलिसेकंदांनी येणार. १९५९ च्या एकोप्लेक्स नावाच्या टेप-यंत्रात हेड मागंपुढं सरकवून वेळ बदलायची. रोलंडच्या १९७४ च्या स्पेस एको यंत्रात तीन वाचक हेड होती. टेप किंचित डगमगते, झिजते, वरचे तीक्ष्ण स्वर खाते, आणि हेच दोष लोकांना इतके आवडले की आजची महागडी डिजिटल पेडल ते दोष गणितानं पुन्हा तयार करतात.

मग आली ॲनालॉग चिप. फिलिप्स कंपनीत १९६९ मध्ये सँगस्टर आणि टीअर यांनी ती कल्पना मांडली आणि तिचं नावच बादल्यांच्या साखळीवरून पडलं. घराला आग लागली की विहिरीपासून दारापर्यंत माणसं रांगेत उभी राहतात आणि बादली हातोहात पुढं जाते, तशी विजेची छोटी छोटी मात्रा एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात जाते. एमएन३००५ या प्रसिद्ध चिपमध्ये असे ४०९६ कप्पे होते आणि ती जास्तीत जास्त सुमारे २०५ मिलिसेकंदांचा उशीर देऊ शकायची. जास्त वेळ हवा तर बादल्या हळू फिरवा नाहीतर चिपा वाढवा. हळू फिरवल्या की आवाजातले बारीक तपशील सुटतात, आणि हात जितके जास्त तितकं पाणी सांडतं. म्हणून ॲनालॉग डिलेची प्रत्येक परती आधीच्यापेक्षा मऊ आणि काळसर होत जाते. बॉस कंपनीच्या १९८१ च्या डीएम-२ या ॲनालॉग पेडलची मर्यादा ३०० मिलिसेकंद होती. आज मिळणारं एमएक्सआर कंपनीचं कार्बन कॉपी पेडल ६०० पर्यंत जातं.

डिजिटल डिले सूर आकड्यांत लिहून ठेवतो आणि तेच आकडे वाचून दाखवतो, त्यामुळे परती मुळाइतकीच स्वच्छ येते. १९८३ मध्ये बॉसनं डीडी-२ काढलं, ८०० मिलिसेकंदांचं, आणि ही सोय पायाखालच्या छोट्या डबीत आली. आजच्या डीडी-८ मध्ये १० सेकंदांपर्यंत जाता येतं. आपल्या कामाला त्यातला एक सेकंदही पुष्कळ झाला.

स्वच्छ आवाज चांगला, असं वाटेल. ग्रुपमध्ये वाजवताना माझा अनुभव उलटा आहे. गायक गात असताना मागून गिटारची प्रत्येक परती तितकीच धारदार आली तर ती शब्दांच्या अंगावर येते. ॲनालॉगची काळसर परती आपोआप गायकाच्या मागं बसते. म्हणून मी डिजिटल पेडल घेणाऱ्यालाही सांगतो, त्यात टेप किंवा ॲनालॉगची नक्कल करणारा मोड आहे का बघ, निदान टोनचं बटण तरी हवंच. स्वस्तातल्या अनेक पेडलमध्ये पीटी२३९९ नावाची तैवानी चिप असते. ती मुळात कराओकेच्या यंत्रांसाठीची. साडेतीनशे मिलिसेकंदांच्या आत ती गोड वाजते, त्यापुढं खरखर वाढत जाते. वाईट नाही, फक्त टाइमचं बटण शेवटपर्यंत फिरवून ऐकल्याशिवाय पैसे मोजू नका.

आता रिव्हर्ब. इथं मला जरा जास्त रेंगाळायचंय, कारण आमच्याकडच्या मुलांच्या चुका इथंच होतात. माझीही झाली होती.

बोस्टनजवळच्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये एक नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की मागं बसलेल्या मुलांना शिकवलेलं कळायचं नाही. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर ते दुरुस्त करायचं काम आलं. त्यानं रात्री, शहर शांत झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या आणून त्या खोलीत अंथरल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत बसला. गाद्या वाढल्या की घुमणं कमी. त्यातून त्याचं सूत्र निघालं, आणि ते आजही वापरतात. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, ०.१६१ नं गुणायचं, आणि खोलीतल्या सगळ्या पृष्ठभागांच्या आवाज शोषण्याच्या क्षमतेनं भागायचं. उत्तर सेकंदांत येतं. आवाज ६० डेसिबलनं पडायला, म्हणजे जवळजवळ विरून जायला, लागणारा तो वेळ.

हे सूत्र आपल्याकडच्या मंगल कार्यालयाला लावून बघू. २० मीटर लांब, १२ रुंद, ६ उंच. खाली चकचकीत फरशी, भिंतींना ऑइल पेंट, वर काँक्रीट. घनफळ १४४० घनमीटर. सगळा पृष्ठभाग मिळून ८६४ चौरस मीटर होतो आणि असा कठीण पृष्ठभाग आवाजाचा जेमतेम वीसावा हिस्सा शोषतो असं धरू. म्हणजे शोषण ४३. उत्तर येतं जवळजवळ साडेपाच सेकंद! आता त्यात नटूनथटून आलेली तीनशे माणसं बसवा. कपड्यांसकट एक माणूस ०.४५ इतकं शोषण करतो असं धरलं तर १३५ ची भर पडते. घुमणं एकदम १.३ सेकंदावर येतं. दारं, खिडक्या, पडदे धरले तर खरे आकडे कमी-जास्त होतील, पण फरक किती मोठा आहे ते दिसलं ना?

माझ्या बाबतीत हेच झालं होतं. वीसेक वर्षांपूर्वी एका कार्यालयात रिसेप्शनला वाजवायचं होतं. घरी, गाद्या-कपाटांनी भरलेल्या खोलीत, मी रिव्हर्ब "हॉल" मोडवर, डिके, म्हणजे घुमणं विरायला किती वेळ घेईल ते बटण, अर्ध्याच्या पुढं ठेवून महिनाभर सराव केला होता. काय सुंदर वाटायचं. तिथं लोक जेवायला खाली गेलेले, वर हॉल रिकामा, आणि पहिल्या कॉर्डपासून सगळं कालवलं गेलं. सी वाजवला, त्यावरून ए मायनरला आलो, तरी सी जायचं नाव घेईना. ढोलकीवाला लय शोधत होता. पहिलं गाणं मध्येच थांबवावं लागलं. हॉलनं स्वतःचं घुमणं दिलं होतंच, त्यावर मी दुसऱ्या हॉलचं घुमणं ओतलं. साऊंडवाल्यानं मिक्सरवर तिसरं टाकलेलं होतं, ते नंतर कळलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कार्यालयं, चर्च, कॉलेजचे सभागृह, समाजमंदिर अशा ठिकाणी वाजवणाऱ्यानं पहिलं पेडल डिलेचं घ्यावं. रिव्हर्ब तर ती जागाच फुकट देते. आणि डिलेकडून गरजेपुरती रिव्हर्बची हौसही भागते: टाइम ८० ते १२० मिलिसेकंद, रिपीट एक-दोन, मिक्स अगदी कमी ठेवलं की सुराभोवती जागा असल्यासारखं वाटतं, पण मागचा कॉर्ड पुढच्यावर चढत नाही. गाणाऱ्यांच्या आवाजावर अशी छोटी परती टाकायची पद्धत १९५० च्या दशकापासून आहे, तिला स्लॅपबॅक म्हणतात. उलट बाजूनं रिव्हर्ब पेडलकडून डिलेचं काम सहसा होत नाही. बॉसच्या आरव्ही-६ सारख्या काहींत डिलेसकट रिव्हर्बचा मोड असतो, पण त्यात दोन्ही एकत्रच येतात, सुटा डिले मिळत नाही.

आता दुसरी बाजू. जो मुलगा टिळकवाडीत किंवा वडगावात आपल्या खोलीत हेडफोन लावून वाजवतो, रेकॉर्डिंग करून मित्रांना पाठवतो, त्याच्याकडं घुमणारी जागाच नाही. तारेवरून थेट कानात आलेला सूर कोरडा ठणठणीत लागतो, आणि अशा कोरड्या आवाजात तासभर सराव करणं नकोसं होतं. त्यानं रिव्हर्ब आधी घ्यावा, निःशंकपणे. फक्त आपल्या ॲम्पवर रिव्हर्ब नावाचं बटण आहे का ते आधी बघावं. अनेक छोट्या ॲम्पमध्ये ते असतं, आणि मग पैसे वाचतात.

रिव्हर्ब घेणार असाल तर त्यावरच्या नावांनी गोंधळू नका. रूम म्हणजे लहान खोली. हॉल म्हणजे मोठं सभागृह, लांब शेपूट. १९४७ मध्ये शिकागोत बिल पुटनम या रेकॉर्डिंगवाल्यानं तर न्हाणीघरात स्पीकर आणि माइक ठेवून गाण्याला घुमारा दिला होता. न्हाणीघरात गाणं का छान लागतं ते आपल्याला माहीतच आहे. प्लेट म्हणजे खरीच लोखंडी पत्र्याची नक्कल. १९५७ चं जर्मन ईएमटी १४० हे यंत्र म्हणजे फ्रेममध्ये ताणून टांगलेला मोठा पोलादी पत्रा, वजन अडीचशे किलोच्या वर. आवाज दाट आणि गुळगुळीत, गाण्याच्या मागं छान बसणारा. स्प्रिंग म्हणजे खरी स्प्रिंग, हॅमंडच्या ऑर्गनमधून आलेली. गिटार आणि ॲम्प बनवणाऱ्या फेंडर कंपनीनं १९६१ मध्ये तिचा वेगळा डबा काढला आणि १९६३ मध्ये ती ॲम्पच्या आत बसवली. तिच्यात पाण्याचे थेंब पडल्यासारखा एक टपटप घुमारा असतो. खऱ्या स्प्रिंगचा ॲम्प लाकडी स्टेजवर ठेवून लोक नाचायला लागले की आतली स्प्रिंग हलून गडगडाट होतो. पेडलमध्ये सगळं गणित असल्यामुळे ती भीती नाही. हे गणित मान्फ्रेड श्रोडर या संशोधकानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. आवाजाच्या परत्या एकमेकींत गुंफून त्या इतक्या दाट करायच्या की कान मोजायचं सोडून देतो.

रिव्हर्बवरचं एक बटण मात्र ओळखून घ्या, प्री-डिले. मूळ सूर वाजल्यावर घुमणं किती वेळानं सुरू व्हायचं, ते हे ठरवतं. २० ते ४० मिलिसेकंद ठेवलं तर सुराचा पहिला टोला मोकळा ऐकू येतो आणि घुमणं मागून येतं. बोलाची स्पष्टता टिकते.

शिमर नावाच्या मोडबद्दलही मुलं विचारतात. त्यात घुमण्यात वरच्या सप्तकाचा सूर मिसळतो, ढगांसारखं काहीतरी तरंगत राहतं. चर्चमध्ये संथ गाण्यांना ते फार शोभतं. भजनाला लावून बघितलं तेव्हा मला एक गोष्ट कळली. तानपुरा तासभर घुमला तरी कुठं अडत नाही, कारण त्यातले सूर बदलत नाहीत. षड्ज-पंचम सगळ्या स्वरांना धरून राहतात. इथून जवळच्या मिरजेत तानपुरे करणारी घराणी जवारी लावून, म्हणजे तार घोडीला हलकेच घासत राहील अशी घोडी घासून, सुराचं ते रेंगाळणं घडवतात. आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व तानपुरे जुळवण्याबाबत किती काटेकोर होते, हे जाणकार आजही सांगतात. गिटारवर कॉर्ड बदलतात. मागचा कॉर्ड रेंगाळला की पुढच्याशी भांडतो. शुद्ध गंधारावरून कोमल गंधारावर मींड घेतलीत, म्हणजे न तोडता घसरत आलात, तर डिले थोड्या वेळानं पुन्हा शुद्ध गंधार ऐकवणार. म्हणून रागाच्या अंगानं वाजवायचं असेल तर एका षड्जावर थांबून शिमर लावा, कॉर्डच्या गाण्याला आणि मींडेला परती छोटी आणि दबकी ठेवा.

परत डिलेकडं. स्लॅपबॅकपेक्षा लांब परती वापरायची असेल तर ती तालात पडली पाहिजे. हिशेब सोपा: ६०,००० ला गाण्याच्या गतीनं भागा. मिनिटाला १२० ठोके असतील तर एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद. परती बरोबर ठोक्यावर टाकली तर ती पुढच्या सुराखाली लपते. तिचा पाऊण भाग, ३७५, ठेवला तर परत्या दोन सुरांच्या मधल्या जागेत पडतात आणि साधं वाजवलं तरी विणल्यासारखं ऐकू येतं. १०० च्या गतीला हाच आकडा ४५०. हल्ली भक्तिगीतांत ऐकू येणारी ती उड्या मारणारी गिटार बहुतेक वेळा याच पाऊण हिशेबानं बसवलेली असते.

अडचण अशी की आपल्याकडं ढोलकीची गती यंत्रावर बांधलेली नसते. रंग चढला की लय चढते, आणि चढायलाच हवी. १०० ला सुरू झालेलं गाणं ११२ वर जातं आणि तुमची ४५० ची परती प्रत्येक ठोक्याला पाय अडकवते. म्हणून कार्यक्रमात वाजवणाऱ्यानं टॅप टेम्पो असलेलंच पेडल घ्यावं, म्हणजे पायानं दोन-चार ठोके दिले की वेळ नव्यानं धरणारं. काहींत त्यासाठी वेगळं बटण असतं, काहींत एकच बटण दाबून धरावं लागतं, काहींना बाहेरून पायपट्टी जोडावी लागते. विकत घेण्याआधी हे बघाच. ज्यात टॅप नाही त्यावर स्टेजवर १२० मिलिसेकंदांच्या पुढं जाऊ नका. छोट्या परतीला लय विचारत नाही कुणी.

गणपतीच्या मांडवाचं गणित पुन्हा वेगळं. तीन बाजू कापडाच्या, वर पत्रा किंवा कापड, समोर गल्ली. कापड आवाज फारसा परत देत नाही, म्हणून स्टेजवर तुम्हाला स्वतःची गिटार कोरडी वाटते आणि हात रिव्हर्बकडं जातो. पण समोरच्या घरांवर आपटून स्पीकरचा आवाज लोकांना आधीच दुहेरी ऐकू येत असतो. वीस मीटरवरची भिंत म्हणजे जवळपास ११७ मिलिसेकंदांचा डिले, बटण न फिरवता. अशा वेळी एका मित्राला गर्दीत मागं उभं करा आणि त्याचे कान वापरा.

जोडणीचा क्रम: गिटार, मग ओव्हरड्राइव्ह, मग डिले, मग रिव्हर्ब, मग ॲम्प. ओव्हरड्राइव्ह नंतर आलं तर ते परत्यांनाही चिरडतं आणि चिखल होतो. आवाज फाडणारं ॲम्पचंच डिस्टॉर्शन वापरत असाल आणि ॲम्पच्या मागं इफेक्ट्स लूप, म्हणजे त्या डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायची सोय, असेल तर डिले-रिव्हर्ब तिथं जोडा.

विजेकडं आमच्या भागात विशेष लक्ष द्यावं लागतं. बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात, पिनचा मध्य ऋण असतो, तो उलटा असलेला ॲडॉप्टर लावला तर पेडल जळू शकतं. ओव्हरड्राइव्ह मोजक्या मिलिॲम्पिअरवर चालतं, डिजिटल रिव्हर्ब शंभर किंवा त्याहून जास्त मागतं. एकाच ॲडॉप्टरवरून माळेसारखी चार पेडल लावली की डिजिटल पेडलची बारीक शीळ सगळ्यांत शिरते. प्रत्येक पेडलला स्वतंत्र, अलग केलेला पुरवठा देणारा डबा मिळतो. मी तर म्हणेन दुसरं पेडल घेण्याआधी तो घ्या. नातेवाइकानं अमेरिकेतून आणलेल्या पेडलचा ॲडॉप्टर १२० व्होल्टचा नाही ना, हे त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचून तपासा, आपल्याकडं २३० आहे. आणि पावसाळ्यात, खानापूर-जांबोटी पट्ट्यात तर नक्कीच, पेडल झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जॅकमध्ये ओल गेली की खरखर सुरू होते आणि आपण उगाच पेडलला दोष देतो.

खरेदीला पुणे, कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्याला जाणार असाल तर स्वतःची गिटार घेऊन जा. दुकानातल्या महागड्या गिटारवर सगळंच गोड लागतं. सेकंडहँड घेताना सगळी बटणं टोकापासून टोकापर्यंत फिरवून खरखर ऐका, स्विच वीस वेळा दाबा, आणि पेडल बंद केल्यावर उरलेली परती विरत जाते की कापली जाते ते बघा. कापली जाणारी चालते, पण गाण्याच्या शेवटी खटकते. पैसे अगदीच मोजके असतील आणि अजून स्वतःचा आवाज ठरलेला नसेल तर एक साधं मल्टि-इफेक्ट यंत्र घ्यायला काहीच हरकत नाही, त्यात दोन्ही मिळतं. माझी एकच अट आहे, त्यातले दोनच आवाज निवडायचे आणि महिनाभर तेच वाजवायचे.

भाच्यानं शेवटी टॅप टेम्पोचा डिले घेतला. गणपतीनंतर पहिल्या रिसेप्शनच्या दिवशी दुपारी चारला त्याचा फोन. "मामा, हॉलमध्ये टाळी वाजवून बघितली. चार सेकंद घुमूलालंय."

"माणसं आलीत का?"

"नाही, खुर्च्या मांडूलालेत."

"मग आत्ता कशालाच हात लावू नकोस. मिक्स खाली, टाइम शंभर. सातला हॉल भरला की पुन्हा टाळी वाजव, तेव्हा ठरवू. आणि साऊंडवाल्याला अण्णा म्हणून गोडीत सांग, गिटारच्या चॅनलवरचा इफेक्ट बंद ठेवा."